अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणजे आपत्कालीन ब्रेक नव्हे

पुढची गाडी मंदावली की आपलीही आपोआप मंदावते, हे अनुभवले की अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल (चालकाने ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखणारी सुविधा) आणि ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग (टक्कर होऊ घातली की आपोआप ब्रेक लावणारी) या सुविधा एकच आहेत, असा समज सहज होतो. त्याला कारणही आहे, कारण अनेक गाड्यांत दोन्हींना माहिती पुरवणारे रडार एकच असते. पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये बसवलेले हे रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते; लहर परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि तिच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून सापेक्ष वेग.

क्रूझ कंट्रोलला ही माहिती लागते ती अंतर राखण्यासाठी. हे अंतर सेकंदांत ठरवलेले असते. दोन सेकंदांचे अंतर ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ५५ मीटर भरते आणि ताशी ५० ला त्याच्या निम्मे. ब्रेक लागतो, पण बेताने. त्याहून जोराचा ब्रेक हवा असेल तर यंत्रणा इशारा देऊन काम चालकावर सोपवते. इमर्जन्सी ब्रेकिंगला प्रवाशांच्या आरामाशी देणेघेणे नाही. ती यंत्रणा क्रूझ कंट्रोल बंद असतानाही जागी असते, टक्कर व्हायला किती वेळ उरला आहे हे पाहत राहते आणि चालकाने वेळेत काही केले नाही तर स्वतः जोराचा ब्रेक लावते.

खरी गोम आहे ती थांबलेल्या गाडीपाशी. पूल, दिशादर्शक फलकांच्या कमानी, रस्त्यातली लोखंडी झाकणे यांवरूनही लहरी परततात आणि रडारला या साऱ्या वस्तू आपल्या गाडीच्याच वेगाने जवळ येताना दिसतात. रांगेच्या शेवटी उभी असलेली मोटारही नेमकी तशीच दिसते. त्यातून जुन्या पिढीच्या रडारला एखादी वस्तू किती उंचीवर आहे हे धड कळत नाही. प्रत्येक कमानीखाली ब्रेक मारणारे क्रूझ कंट्रोल कोणीच वापरणार नाही, म्हणून अनेक यंत्रणा मुळातच स्थिर असलेल्या वस्तूंकडे काणाडोळा करतात. चालती गाडी समोर थांबली तर तिचा माग मात्र सोडत नाहीत. त्यामुळे पुढची गाडी ऐनवेळी बाजूच्या लेनमध्ये सरकली आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक उभा असला, तर रस्ता मोकळा झाला असे समजून क्रूझ कंट्रोल वेग वाढवूही शकते. इमर्जन्सी ब्रेकिंग अशा वेळी बहुधा कॅमेऱ्याची साक्ष काढते. पण महामार्गावरच्या वेगात ती पटेपर्यंत उरलेले अंतर गाडी पूर्ण थांबवायला पुरेलच असे नाही.