पाण्याखालच्या गुहेत जाण्याआधी

विदर्भात बरेच जण विहिरीतच पोहायला शिकतात. विहीर कितीही खोल असो, दम संपला की सरळ वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला परवाना, १८ मीटरपर्यंत चालतं, ते वर मोकळं पाणी आहे असं धरून. समुद्रात शेकडो डायव्ह केलेले इन्स्ट्रक्टरसुद्धा गुहेत दगावले आहेत, कारण तिथलं शिक्षणच वेगळं.

मेक्सिकोतल्या सेनोटेमध्ये, म्हणजे पाणी भरलेल्या नैसर्गिक खड्ड्यांमध्ये, साध्या कार्डावर गाईडसोबत जाता येतं ते फक्त कॅव्हर्नमध्ये, म्हणजे गुहेच्या तोंडाचा उजेड दिसत राहील तिथवर. पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली आणि आडवं अंतर मिळून जास्तीत जास्त ४० मीटर. तोंडच १५ मीटर खोल असेल तर आत २५ मीटर, बस. आणि दिवस मावळला की त्याच कॅव्हर्नची गुहा होते.

हवेचा हिशोब

११ लिटरच्या टाकीत २०० बारला (बार हे दाबाचं माप) साधारण २,२०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला २० मीटरवर ६० लिटर लागते, कारण तिथे दाब तिप्पट असतो. म्हणजे पूर्ण टाकी जेमतेम ३६ मिनिटांची.

नियम असा: एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, एक तृतीयांश राखीव. ६६ बार वापरून काटा १३४ वर आला की वळायचं. आता समजा, नेमक्या त्याच टोकाला जोडीदाराची हवा बंद झाली. दोघं तुमच्या टाकीवर परत निघालात, तर ६६ च्या दुप्पट, १३२ बार लागणार. उरले २. घाबरलेला माणूस दीडपट-दुप्पट हवा ओढतो, ते यात धरलेलंच नाही. म्हणून नवख्यांनी ५० बार वापरले की वळावं, असा आमचा आग्रह असतो. जोडीदाराची टाकी कमी भरली असेल तर त्याच्या हिशोबाने दोघांनी वळायचं. आणि कोणीही, कधीही, कारण न देता अंगठा वर केला की डायव्ह संपली. त्यावर चर्चा बाहेर येऊन.

छताला हवेचा कप्पा दिसला तरी रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र, काढू नका. त्या हवेत ऑक्सिजन कमी असू शकतो.

दोरी, उजेड, गाळ

परतीची वाट दाखवणारी दोरी बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून सलग हवी: पहिली गाठ बाहेर, दुसरी तोंडाच्या जरा आत. विणलेली नायलॉनची दोरी बुडते. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची दोरी तरंगते, तिचे फास फिन्समध्ये आणि टाकीच्या व्हॉल्व्हला अडकतात. नायलॉनही ढिली सोडली की तेच होतं, म्हणून रील (दोरीची चकरी) सोडताना ताण ठेवा. लोंबणारा स्नॉर्कलही काढून ठेवा.

माणशी टॉर्च तीन: एक मुख्य, दोन राखीव. एक जरी बंद पडली तरी परत.

गाळ हा मात्र आपणच उठवतो. पाय वर-खाली मारले की तळाची माती उसळते आणि मिनिटभरात स्वतःचा हातही दिसेनासा होतो. बेडकासारखे पाय मागे ढकलायची सवय आधी स्विमिंग पूलमध्येच लावून घ्या. काही दिसेनासं झालं तर अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती करा, दुसरा हात डोक्यापुढे धरा, सावकाश निघा. मागच्याने पुढच्याचा दंड धरायचा. हा सराव पूलमध्ये मास्क झाकून करून घेतला जातो. दोरी सुटली तर पुन्हा करावा लागतो.

सेनोटेमध्ये गोड्या पाण्याखाली खारं पाणी असतं. दोन्ही मिसळतात तिथे सगळं तेल सांडल्यासारखं धूसर दिसतं. मास्क पुसत बसू नका, थोडं वर किंवा खाली सरका.

नागपूरच्या आसपासच्या पाणी भरलेल्या खदानींत सराव करू का, असं दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच. नको. आत तारा, लोखंड, सैल दगड असतात आणि बोगदे कुठे जातात ते माहीत नसतं.

परतीचं विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास मोकळे ठेवा. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत ठेवा.