बेचाळीसच्या बायका आणि सहा महिन्यांची अट

कोल्हापुरात बाईनं युद्ध चालवलं म्हटलं की कावळा नाक्यावरच्या ताराराणी आठवतात, आणि ते बरोबरच आहे, 1700 पासून सात वर्षं औरंगजेबाशी झुंज त्यांनीच चालवली. ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 1942 च्या चले जाव चळवळीतल्या बायकांचं मात्र तसं नाही.

आज शिवाजी चौकात महाराजांचा पुतळा आहे तिथं तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरचा, विल्सनचा पुतळा होता. 1942 मध्ये दोन बायकांनी भर चौकात त्याला डांबर फासलं. पुढं 1943 ला तरुणांनी तो फोडला आणि 1945 ला तिथं महाराज आले. फोडाफोडीची गोष्ट रंगवून सांगतात, डांबराची एका ओळीत उरकतात. 1942 च्याच डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला, सात जण हुतात्मा झाले. असे भूमिगत लोक महिनोन्महिने रानात राहायचे ते कुणाच्या भाकरीवर? निरोप, पत्रकं, कधी पिस्तूलसुद्धा बाईच्या टोपलीतून जायचं कारण तिची झडती सहसा होत नसे. सातारा-सांगलीकडं प्रतिसरकारात तर भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका कार्यकर्तीनं नवऱ्याचं सोंग घेतलेल्या चळवळीतल्या साथीदाराच्या हातचा मार खाल्ला, नवरा-बायकोचं भांडण वाटून पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. मार खोटा नव्हता.

आता पेन्शनचं बघा, सगळा घोळ इथं आहे. 1972 ला केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन काढली, तेव्हा वर्षाचं उत्पन्न 5,000 च्या आत पाहिजे होतं, ती अट 1980 ला गेली आणि पेन्शन सन्मान म्हणून सगळ्यांना खुली झाली. पण मूळ माप तेच राहिलं, किमान सहा महिने तुरुंग, किंवा सहा महिन्यांवर भूमिगत, आणि भूमिगत म्हणजे नुसतं लपलेलं चालत नाही, फरारी जाहीर झालेलं असावं, पकडायला बक्षीस लागलेलं असावं किंवा अटकेचा हुकूम निघालेला असावा. आता जिच्यावर पोलिसांचा संशयच येऊ नये म्हणून ते काम तिला दिलं, तिच्या नावावर बक्षीस लागणार कसं? पकडली गेली असती तर कागद झाला असता, ती पकडली गेली नाही म्हणजे तिनं काम चोख केलं, आणि नेमकं त्याच कारणानं ती यादीत नाही. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. सरकारची बाजू अशी की पुरावा मागितला नाही तर बोगस लोक घुसतात, आणि बोगस घुसले हेही खरंच आहे, पण त्याची किंमत या बायकांनी का द्यायची?

त्यातल्या बऱ्याच जणी सरकारी कागदावर आल्या त्या नवरा गेल्यावर, कुटुंब पेन्शनमध्ये, विधवा म्हणून. नवऱ्याचा तुरुंग मोजला, त्याच काळात हिनं घरी लपवलेली माणसं मोजली नाहीत. 1980 मध्ये बायकांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तुरुंगाची अट तीन महिन्यांवर आणली, ती चांगलीच गोष्ट झाली, पण ज्या तुरुंगात गेल्याच नाहीत त्यांना सहा काय नि तीन काय, सारखंच.