युद्धाआधीची बेरीज

१९०९ साली फ्रान्स, रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी या चौघांचा लष्करी खर्च एकत्र केला तर तो भरतो १९ कोटी ९२ लाख पौंड. पुढच्या वर्षी त्यात ५६ लाखांची भर पडली. त्याच्या पुढच्या वर्षी १ कोटी १ लाखाची, मग २ कोटी ३८ लाखांची आणि १९१३ साली ५ कोटी ३ लाखांची. दर वर्षीची वाढ आदल्या वर्षीच्या वाढीच्या जवळजवळ दुप्पट! आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये हेच चार देश एकमेकांवर तुटून पडले.

ही बेरीज मांडली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञानं. तो क्वेकर पंथाचा, म्हणजे हाती शस्त्र घ्यायचं नाही. म्हणून पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. जखमींची ने-आण नसेल तेव्हा हवामानाचं भाकीत गणितानं करता येतं का, याची आकडेमोड करत बसायचा. (पहिलं भाकीत साफ चुकलं, पण आजचं संगणकीय हवामानशास्त्र त्याच वाटेनं गेलं.) वादळाचं गणित मांडता येतं तर युद्धाचं का नाही, या प्रश्नानं आयुष्यभर त्याचा पिच्छा सोडला नाही.

त्याचं समीकरण तीनच गोष्टींचं आहे. समोरचा जितका शस्त्रसज्ज, तितका माझा खर्च वाढतो. माझा स्वतःचा खर्च जितका मोठा, तितका तो मला जड होतो आणि मी हात आखडता घेतो. तिसरी गोष्ट जुनं दुखणं. फ्रान्सच्या बाबतीत ते होतं १८७१ साली जर्मनीनं हिसकावलेलं अल्सास-लॉरेन. आता भीतीचा जोर खर्चाच्या ओझ्यापेक्षा कमी असेल, तर दोन्ही देश कुठेतरी येऊन थांबतात. जास्त असेल तर थांबायची जागाच उरत नाही. यात कुणी दुष्ट असावा लागत नाही, हे मला या समीकरणातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. दोघंही निव्वळ बचावापुरतं करत असले, तरी समोरच्याला तो बचाव दिसत नाही, तोफा दिसतात.

पण मुळात कोण कोणाच्या विरुद्ध, हे ठरलं कसं?

शत्रूचा शत्रू तो मित्र, हे कौटिल्यानं मंडल सिद्धांतात सांगून ठेवलंच आहे. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी माणसांच्या नात्यांबद्दल तसंच काही मांडलं आणि १९५६ साली कार्टराइट आणि हरारी यांनी त्याला गणिती रूप दिलं. तिघांचा त्रिकोण घ्या. माझे दोन मित्र एकमेकांचे वैरी असतील, तर माझी पंचाईत होते; आज ना उद्या मला बाजू घ्यावी लागते. तिघंही एकमेकांचे वैरी असतील, तर दोघं तिसऱ्याविरुद्ध एकत्र येतात. असे अवघडलेले त्रिकोण टिकत नाहीत. सगळ्यांचं सगळ्यांशी काही ना काही नातं असेल आणि एकही त्रिकोण अवघडलेला नको असेल, तर दोनच शक्यता उरतात: एक तर सगळे मित्र, नाही तर बरोबर दोन गट.

युरोपच्या सहा बड्या सत्ता घेतल्या, तर असे २० त्रिकोण होतात. १८७३ साली जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया हे तीन सम्राट एकत्र होते. बाल्कन प्रदेशावरून ऑस्ट्रिया आणि रशियाचं जमेना, आणि जर्मनी मधल्यामध्ये अडकली. जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्क होता तोवर त्यानं दोन्ही डगरींवर पाय ठेवले. तो गेल्यावर १८९० साली जर्मनीनं रशियाशी असलेला गुप्त करार संपू दिला. एकटा पडलेला रशिया १८९४ पर्यंत फ्रान्सच्या गोटात गेला. ब्रिटननं १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी जुनी भांडणं मिटवली. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियासोबत होती. झाले दोन गट. २००६ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी ही पस्तीस वर्षं त्रिकोणांत मांडून दाखवली. गणिताच्या भाषेत १९०७ चा युरोप ‘संतुलित’ होता!

मात्र करारांच्या कलमांनी युद्ध पेटलं, असं शाळेत शिकवतात ते अर्धंच खरं. फ्रान्ससाठी लढायला ब्रिटन कुठल्याही तहानं बांधलेला नव्हता. ऑस्ट्रियानं आपणहून सर्बियावर हल्ला केला, तर जर्मनीनंही मदत केलीच पाहिजे असं करारात नव्हतं. तरी ५ जुलै १९१४ ला कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला.

२८ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाच्या झारला फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवर सैन्य जमवायचं होतं. पण सैन्य जायचं रेल्वेनं, आणि अर्धी जमवाजमव केली तर पूर्ण जमवाजमवीचं वेळापत्रक कोलमडेल, असं सेनापती सांगत होते. २९ तारखेला रात्री कैसरची तार आली म्हणून झारनं संपूर्ण जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी त्याला पुन्हा वळवलं. सेनाप्रमुख यानुश्केविच आधीच सांगून बसला होता की, एकदा हुकूम मिळाला की मी टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे पुन्हा कुणी तो रद्द करायला नको.

बर्लिनमध्ये तेच. १ ऑगस्टला कैसरला वाटलं, ब्रिटन फ्रान्सला गप्प ठेवेल, तर सगळं सैन्य पूर्वेला वळवू. सेनाप्रमुख मोल्टकेनं हात वर केले: लाखो माणसांची वर्षभर आखलेली हालचाल आयत्या वेळी फिरवता येत नाही. कारण जर्मनीची योजनाच अशी होती, की आधी बेल्जियममधून फ्रान्सला लोळवायचं, मग रशियाकडे वळायचं. कोलोनच्या पुलावरून जवळजवळ दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी पश्चिमेकडे निघाली. गंमत म्हणजे ऑस्ट्रिया, जिच्या भांडणातून हे सुरू झालं, तिनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला, जर्मनीनंतर पाच दिवसांनी.

या साखळीचं एक टोक आपल्याकडेही आलं. तुर्कस्ताननं २ ऑगस्टला जर्मनीशी गुप्त तह केला होता. ऑक्टोबरअखेर तुर्की ताफ्यानं रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटिशांनी इराकच्या फाव बंदरात उतरवली ती सहावी पूना डिव्हिजन. तीत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कुत गावी या डिव्हिजननं उपासमारीनं शरणागती पत्करली.

मग करार नसलेलेच बरे? आकडे तसं म्हणत नाहीत. मॅथ्यू जॅक्सन आणि स्टीफन नी यांनी २०१५ साली दोन शतकांच्या लष्करी करारांचा अभ्यास केला. १९५० पर्यंत एका देशाचे सरासरी अडीच करार असत, त्यानंतर दहाहून जास्त. आणि तरी देशांच्या जोडीमागे युद्धांचं प्रमाण सुमारे दहा पटींनी घटलं. ते श्रेय बरंचसं वाढलेल्या व्यापाराला देतात. मला त्यांचा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: आधीच्या काळात जवळपास एक तृतीयांश करार पाच वर्षांतच मोडत, नंतरच्या काळात फार थोडे.

ज्याला दोस्त टिकण्याची खात्री नाही, तो दोस्ताच्या कुठल्याही आततायीपणाला नाही म्हणू शकत नाही. जुलै १९१४ मध्ये जर्मनीच्या कपाटात तीन देशांशी केलेले करार होते: ऑस्ट्रिया, इटली आणि रुमानिया. ऑगस्टमध्ये सोबत आली एकटी ऑस्ट्रिया. मे १९१५ मध्ये इटली आणि ऑगस्ट १९१६ मध्ये रुमानिया, दोघेही समोरच्या बाजूनं युद्धात उतरले.