हॉर्सपॉवर राहू दे, आधी आरसा बघ

मित्राने परवा तीन ब्रोशर पाठवली. तिन्ही मिड-साइज स्पोर्ट टूरर, म्हणजे साडेसहाशे ते नऊशे सीसीच्या गाड्या, वळणावर मजा देणाऱ्या आणि बॅगा लावून दिवसभर हाकता येतील अशा. खाली एकच ओळ, "सांग कुठली घेऊ". हॉर्सपॉवर, टॉर्क, राइडिंग मोड किती, स्क्रीन केवढी, सगळं छापलेलं होतं. पण सलग चार तास चालवल्यावर हातांचं काय होतं हे एकाही ब्रोशरमध्ये नव्हतं, आणि टूरिंग करायचं तर मला पहिली तीच गोष्ट हवी असते.

कारण मी एकदा फसलोय. आधीची गाडी कागदावर देखणी होती, वीस मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये हसू आवरत नव्हतं, लगेच घेऊन टाकली. पहिल्याच लांबच्या राइडला दोन तासांनी उतरलो तर जॅकेटची चेन पकडता येईना, बोटं दिसतायत पण माझी नाहीत असं वाटत होतं. गाडीत बिघाड काहीच नव्हता. इंजिन जसं बनवलं होतं तसंच चालत होतं, मीच ते ज्या वेगाला तासन्‌तास चालवणार त्या वेगाला तपासलं नव्हतं.

यावर कुणीतरी हमखास सांगतं की चार सिलिंडरची घे, ती लोण्यासारखी चालते, दोन सिलिंडर म्हटलं की थरथर आलीच. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घ्यायला पिस्टनकडे बघावं लागतं.

शाळेत शिकलोय की पिस्टन वर-खाली होतो, कनेक्टिंग रॉड त्याला क्रँकला जोडतो आणि क्रँक गोल फिरतो. आपल्याला वाटतं पिस्टनची हालचाल झोक्यासारखी असेल, वरच्या अर्ध्यात जशी तशीच खालच्या अर्ध्यात. तशी ती नसते, आणि सगळी गोम इथेच आहे. समजा क्रँकचा हात ३० मिमीचा आहे, म्हणजे पिस्टन एकूण ६० मिमी सरकतो, आणि रॉड १२० मिमी लांब आहे. क्रँक वरून बरोबर पाव फेरा फिरला की पिस्टन मध्यावर, म्हणजे ३० मिमीवर असायला हवा ना? पायथागोरस लावून बघा, तो ३३.८ मिमी खाली आलेला असतो, कारण रॉड तिरका झालाय आणि तिरक्या रॉडची उभी उंची कमी भरते. म्हणजे वरचा ३३.८ मिमीचा प्रवास आणि खालचा २६.२ मिमीचा प्रवास, दोन्हींना वेळ सारखाच. त्यामुळे वरच्या टोकाला पिस्टन जास्त झटक्यात थांबून उलटा फिरतो, खालच्या टोकाला जरा निवांत. या मापांत दोन्ही टोकांच्या झटक्यांचं प्रमाण ५ ला ३ पडतं.

आता हे झटके केवढे? ६००० आरपीएमला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना, वरच्या टोकाला त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १५०० पट होतं. पिस्टन ३०० ग्रॅमचा धरला तर त्याला थांबवून परत पाठवायला जवळजवळ ४५० किलो वजनाइतका जोर लागतो, तोही सेकंदाला शंभर वेळा. हा जोर शेवटी जातो कुठे, तर क्रँकमधून इंजिनच्या बॉडीत, तिथून फ्रेममध्ये, आणि फ्रेममधून तुमच्या तळहातात.

गणितात या असमान हालचालीचे दोन तुकडे पाडतात. एक क्रँकच्याच वेगाने थरथरणारा, त्याला प्रायमरी म्हणतात, आणि दुसरा क्रँकच्या दुप्पट वेगाने, तो सेकंडरी. आपल्या मापांत सेकंडरी हा प्रायमरीच्या साधारण पाव असतो. पाव म्हणजे सोडून द्या असं वाटेल, पण थांबा, कारण आता कातडी येते मध्ये.

आपल्या तळव्यात खोलवर पॅसिनियन कॉर्पसल नावाचे छोटे कांद्यासारखे पापुद्रे असलेले सेन्सर असतात, फिलिपो पॅसिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालंय. त्यांचं काम थरथर पकडणं, आणि ते सगळ्यात तिखट असतात २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, कमी हालचालही त्यांना कळते. आता ६००० आरपीएमला प्रायमरी किती? सेकंदाला १०० फेरे म्हणजे १०० हर्ट्झ. सेकंडरी २०० हर्ट्झ. ७००० ला २३३. म्हणजे जी थरथर आकाराने पाव आहे ती नेमकी जिथे आपला हात सर्वात हळवा आहे तिथेच येऊन बसते! हळू, मोठी थरथर गाडी धडधडतेय अशी वाटते आणि बऱ्याच जणांना ती आवडतेही. बारीक वेगवान थरथर झिणझिण्या आणते. बराच वेळ ती चालू राहिली की सेन्सरची संवेदनाच तात्पुरती खाली जाते, आणि मग जॅकेटची चेन सापडत नाही.

नेहमीच्या चार सिलिंडरच्या इनलाइन इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, त्यामुळे प्रायमरी एकमेकांना खाऊन टाकतात, छान. पण सेकंडरी? ती चारही पिस्टनची एकाच दिशेला, एकाच वेळी, बेरीजच होते. म्हणून लोण्यासारखी चार सिलिंडरची गाडी एका ठराविक आरपीएमला हातात मधमाशी धरल्यासारखी गुणगुणते. ही बेरीज मारायला क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारी शाफ्टची जोडी लागते, ती कल्पना शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरची, पण वजन आणि खर्च वाढतो म्हणून प्रत्येक गाडीत ती मिळत नाही.

आता दोन सिलिंडर शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल ट्विन. इथे दोन क्रँकपिनमधला, म्हणजे दोन रॉड क्रँकला जिथे जोडलेत त्या खुंट्यांमधला, कोन हीच सगळी कला आहे. ३६० डिग्री म्हणजे दोन्ही पिस्टन जोडीने वर-खाली, प्रायमरीही बेरीज आणि सेकंडरीही बेरीज. बीएमडब्ल्यूने २००६ च्या एफ ८०० मध्ये हेच ठेवलं आणि थरथर मारायला इंजिनच्या खाली एक तिसरा, पिस्टन नसलेला रॉड हलवत ठेवला, मला ती आयडिया अजून आवडते. १८० डिग्री म्हणजे एक वर एक खाली, कावासाकी निंजा ६५० सारखी, इथे प्रायमरी कटते पण इंजिन सी-सॉसारखं डोलायला बघतं आणि सेकंडरीची बेरीज तशीच राहते. आणि मग २७० डिग्री. एका बाजूने पाऊण फेरा, म्हणजे दुसऱ्या बाजूने मोजलं तर दोन पिनमध्ये पाव फेऱ्याचं अंतर. सेकंडरी दुप्पट वेगाने चालते, म्हणून क्रँकवरचा पाव फेरा तिच्यासाठी अर्धा फेरा होतो, आणि अर्ध्या फेऱ्याचं अंतर म्हणजे एक प्लस तर दुसरा मायनस. क्रँक फिरल्याचा कोन θ धरला तर कॉस २θ आणि कॉस (२θ + १८०), बेरीज शून्य. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, खोटं नाही सांगत.

प्रायमरी मात्र यात पूर्ण कटत नाही, पण ती क्रँकच्याच वेगाची असते, तिला क्रँकवरचं वजन आणि उलटा फिरणारा साधा बॅलन्सर शाफ्ट पुरतो. शिवाय एक पिस्टन टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो, म्हणजे दोघं एकमेकांत ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि क्रँक कमी हिसके देत फिरतो. यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये हा क्रँक वापरला, आज त्यांच्या ट्रेसर ७ च्या ६८९ सीसी इंजिनात तोच आहे, सुझुकीच्या ७७६ सीसीच्या इंजिनात तोच आणि बीएमडब्ल्यूनेही एफ ९०० एक्सआरला तोच कोन घेतला. म्हणजे "ट्विन थरथरते" हे म्हणण्याआधी विचारायचं की किती डिग्रीची? तीन सिलिंडरची, ट्रेसर ९ सारखी, आणखी वेगळी, तिथे प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही जोर कटतात, फक्त डोलणं उरतं.

इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर कॉस विसरा, पुढचं जास्त कामाचं आहे.

तुम्ही नेहमी ज्या वेगाला चालवणार त्या वेगाला आरपीएम किती येईल ते दुकानात जायच्या आधी घरीच काढता येतं. ब्रोशरमध्ये प्रायमरी रिडक्शन, टॉप गिअर आणि फायनल ड्राइव्ह यांचे आकडे असतात (हे प्रायमरी वेगळं, मघाच्या थरथरीशी त्याचा संबंध नाही), त्या तिघांचा गुणाकार करायचा, म्हणजे मागच्या चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे किती फेरे ते कळतं. समजा तो ५ आला. मागचा टायर १८०/५५-१७ असेल तर त्याचा घेर साधारण १.९६ मीटर, ताशी १०० किमीला तो मिनिटाला ८५० फेरे मारतो, गुणिले ५ म्हणजे ४२५० आरपीएम. म्हणजे प्रायमरी ७१ हर्ट्झ, सेकंडरी १४२. पॅसिनियन पट्ट्याच्या खाली, बरं आहे. हाच गुणाकार ७ आला असता तर ५९५० आरपीएम, आणि सेकंडरी १९८ हर्ट्झ, म्हणजे दारातच.

पण नुसतं इंजिन बघून भागत नाही, कारण हँडल, फूटपेग, आरसा या प्रत्येकाची स्वतःची एक आवडती फ्रिक्वेन्सी असते आणि इंजिन त्या आकड्यावर आलं की तो भाग वेड्यासारखा हलतो, त्याला आपण रेझोनन्स म्हणतो. हँडलच्या टोकाला ते जड गोळे दिसतात ना, ते शोभेचे नाहीत, हँडलचा हा आकडा नको त्या आरपीएमपासून लांब ढकलायला आहेत. तुमच्या गाडीत तो कुठे आहे हे कुणी छापत नाही, पण आरसा सांगतो. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये अगदी हळू आरपीएम वाढवत जा आणि आरशातलं चित्र बघत राहा, एका ठिकाणी ते धूसर होईल, पुढे परत स्वच्छ. तो आकडा लिहून घ्या, मग एका हाताने हँडल हलकं धरून तेच परत करा, हँडलचा आकडा बहुतेक वेगळा येईल. पिस्टनचे झटके आरपीएमवर ठरतात, लोडवर नाही, म्हणून अर्धी टेस्ट उभ्या गाडीवर होते. उरलेली अर्धी चालत्या गाडीवरच करायची, तुमच्या नेहमीच्या वेगाला, टॉप गिअरमध्ये, निदान अर्धा तास, आणि हँडल घट्ट न आवळता, कारण जितकं आवळाल तितकी थरथर हातात जास्त उतरते.

फोनच्या ॲपने व्हायब्रेशन मोजतो म्हणणाऱ्यांना एक सांगतो, फोनचा सेन्सर ॲपमध्ये बऱ्याचदा सेकंदाला शंभरएक वेळाच आकडा देतो, त्यात ५० हर्ट्झच्या वरचं खरं दिसतच नाही, उलट खोटंच काहीतरी दिसतं. आणि फोन हँडलवर लावण्याआधी हेही माहीत असू द्या की २०२१ मध्ये ॲपलने स्वतः जाहीर केलं होतं की मोठ्या मोटरसायकलींच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. कॅमेऱ्याचं हे होतं तर मनगटाचं काय!

आणि ते पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक. लावलं की इंजिन स्मूथ, ॲव्हरेज जास्त, म्हणे रेणू एका रांगेत येतात. पेट्रोलचे रेणू काही लोखंडाचा कीस नाहीत, चुंबकाला ते जवळजवळ दादच देत नाहीत, आणि क्षणभर रांगेत आले असं मानलं तरी इंजेक्टरमधून फवारा उडाल्यावर ती रांग टिकणार कशी? पिस्टनच्या ४५० किलोच्या झटक्याला पाइपवरचा चुंबक काय करणार हे विकणाऱ्याला विचारून बघा.

बाकीचं थोडक्यात. ब्रोशरमध्ये परवानगी असलेलं एकूण वजन बघा आणि त्यातून पेट्रोल भरलेल्या गाडीचं वजन वजा करा, जे उरतं त्यात तुम्ही, मागचा माणूस, बॅगा, हेल्मेटं, सगळं आलं, आणि या वर्गात ते बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा कमी निघतं. तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं दबायला हवं, मागे प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारा, नॉब हाताने फिरतो का तेही बघा, नाहीतर दोघं बसल्यावर गाडीचं तोंड आभाळाकडे. स्क्रीन उंच म्हणजे चांगली असं नाही, तिच्या कडेवरून सुटणारे भोवरे नेमके हेल्मेटवर आपटत असतील तर छोटी स्क्रीनच बरी, खांद्यावर वारा येऊ द्या पण डोकं शांत राहू द्या. आणि ताशी शंभरच्या वर हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दीडपट केला की जवळजवळ साडेतीन पट, हॉर्सपॉवरची खरी गरज तिथे लागते. बाकी रोजच्या चालवण्यात त्यातली निम्मीअधिक पडूनच असते.

हे सगळं मित्राला पाठवलं. शनिवारी तो जाऊन आला, आरसे बघत बसला म्हणून सेल्समन त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होता म्हणे. संध्याकाळी मेसेज, "दुसरी आवडली. आरसा आणि हँडल दोन्ही ४८०० ला धूसर, माझं टॉप गिअरचं गणित शंभरला ४२५०. चालेल ना?" मी विचारलं, बायकोला आणि सामानाला घेऊन लांब चढावर टॉपमध्ये ओढेल का, की पाचवा गिअर टाकावा लागेल, आणि पाचव्यात किती येतं?

तासाभराने उत्तर आलं. "पाचव्यात ४८००."