नळ, टाकी आणि शाळेतला टीव्ही

सध्या सोलापुरात चार शिक्षक जमले की विषय एकच, पोरं फोनला विचारून निबंध आणतात, आता विचार करणार कोण? मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, काळजी मलापण वाटते, पण फोनमुळे पोरांचं डोकं बंद पडलं हे मला पटत नाही, ते त्याच्या कितीतरी आधीपासून बंद पाडत आलोय आपण.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरायचं. इन्स्पेक्टर येणार, पोरांनी धडाधड म्हणून दाखवायचं, मग पैसे सुटणार. मास्तर घोकूनच घेणार ना मग. महात्मा फुल्यांनी १८८२ ला शिक्षणाची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं त्यात मोडी, बाळबोध, हिशोब ह्यांच्याबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती शिकवा असं सांगितलं होतं, म्हणजे पोराच्या रोजच्या जगण्यातलं. ते मागेच राहिलं. अनुदानाचा तो नियम नंतर बंद झाला पण निकाल किती टक्के हे विचारणं काही गेलं नाही.

आणि ह्याच्यावर एकेक यंत्र येत गेलं. एडिसनने १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं की सिनेमामुळे शाळेतली पुस्तकं जातील, दहा वर्षांत सगळं बदलेल. आपल्याकडे १९७५-७६ ला उपग्रहावरून खेड्यात टीव्ही दाखवायचा साइट प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या साधारण २,४०० गावांत, आपल्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा त्यात होते. १९८४ ला क्लास नावाच्या योजनेत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर शाळांत आले. नंतर प्रोजेक्टर, लोकवर्गणीतल्या डिजिटल शाळा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळाच फोनमध्ये गेली. दरवेळी नारळ फुटला, फोटो निघाले, आणि परीक्षेतला प्रश्न तोच राहिला.

आता कुणी म्हणेल आपल्या जिल्ह्यातलेच डिसले गुरुजी विसरलात का? अजिबात नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९ ला गेले तेव्हा शाळेच्या इमारतीला लागून जनावरांचा गोठा होता, तिथून २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, १० लाख डॉलर, त्यातले अर्धे बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले. सगळ्यांच्या लक्षात त्यांनी पुस्तकात घातलेले क्यूआर कोड राहिले, मला मात्र त्याच्या आधीचं जास्त मोलाचं वाटतं, पोरांची घरची भाषा कन्नड आहे म्हणून हा माणूस स्वतः कन्नड शिकला आणि धडे त्या भाषेत केले. कोड त्यानंतर. नंतर गावोगावी कोड तेवढे पोचले, पोराची भाषा शिकून घ्यायचं कुणी मनावर घेतलं नाही.

माझ्या वर्गातलं सांगतो. टीव्हीवर नळ आणि टाकीचं गणित लावलं होतं, निळं निळं पाणी पडतंय, एक नळ तीन तासात टाकी भरतो वगैरे, पोरं सुरात उत्तर म्हणत होती. मागच्या बाकावरची एक पोरगी, आई विड्या वळते तिची, ती उठली, "सर, आमच्यात नळ चार दिवसाआड येतंय, मग टाकी केवढी पाहिजे ओ?" वर्ग हसला. मला आधी रागच आला, पोर्शन राहिला होता, खोटं कशाला बोलू. मग टीव्ही बंद केला. माणशी किती बादल्या लागतात इथून सुरुवात झाली, कुणी म्हणालं चार, कुणी म्हणालं कपडे धुवायच्या दिवशीचं वेगळं धरा, तेलुगू बोलणाऱ्या दोघांनी आपसात भांडून भांडून बादलीत किती लिटर ते ठरवलं, एकाने घरात पाच माणसं धरली, दुसऱ्याने नऊ, फळ्यावर दोन उत्तरं आली आणि दोन्ही बरोबर होती. तास संपला तरी कुणी उठेना. त्या दिवशी पोर्शन तेवढा मागे पडला, आणि चाचणीत ह्यातलं काहीच विचारलं गेलं नाही.