लाकूड जाळून मिळवलेलं पाणी

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत पठारावर 1892 साली कूलगार्डीला सोनं सापडलं. जून 1893 मध्ये तिथून चाळीसेक किलोमीटरवर, आजच्या कॅलगुर्लीत, पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांनाही ते मिळालं. बघता बघता हजारो माणसं येऊन थडकली. पाऊस मात्र वर्षाकाठी जेमतेम 260 मिलिमीटर. ग्रॅनाइटच्या खळग्यांतलं पाणी लवकरच आटे. विहीर खणली तर पाणी लागे, पण बऱ्याच ठिकाणी समुद्राहून खारट.

मग ते उकळून वाफेचं पाणी करायचं. लोखंडी टाकीखाली जाळ आणि वाफ न्यायला पन्हळी पत्रे गुंडाळून केलेल्या लांबलचक नळ्या. पंचवीस अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे 315 किलोज्यूल लागतात. त्याची वाफ करायला आणखी 2,260. सुक्या लाकडातून किलोमागे 16,000 किलोज्यूल मिळतात. उघड्या भट्टीत त्याचा चौथा हिस्सा पाण्यापर्यंत पोचला असं धरलं, तर किलोभर लाकडामागे पाणी फक्त दीड लिटर!

खरी अडचण वाफ थंड करण्याची. गार पाणी नाहीच, म्हणून सगळी भिस्त हवेवर. तीही उन्हाळ्यात चाळीस अंशांची. जाळ वाढवला की वाफ न निवताच नळीच्या तोंडातून निसटे, शिवाय फेसाबरोबर मीठही पलीकडे जाई. टाकीतलं दाट झालेलं खारं पाणी वेळेवर काढलं नाही तर तळाला क्षारांचा थर बसतो. त्यातून उष्णता पाण्यात उतरत नाही, पत्रा तापून लाल होतो आणि फाटतो. टंचाईत गॅलनला, म्हणजे साडेचार लिटरला, शिलिंगहून जास्त भाव येई. एवढं महाग पाणी हात धुवायला कोण वापरणार? उघडे संडास आणि माश्यांची भर पडली, आणि टायफॉइडने कित्येकांचा बळी घेतला.

मुख्य अभियंता सी. वाय. ओ'कॉनर यांनी पर्थजवळच्या मुंदारिंग धरणातून साडेपाचशे किलोमीटरची नळवाहिनी आखली: व्यास 30 इंच, आठ पंपिंग केंद्रं, क्षमता दिवसाला 50 लाख गॅलन. गळती आणि घर्षण कमी व्हावं म्हणून नळांच्या लांब कडा रिव्हेटऐवजी खाचेच्या पट्टीत दाबून बसवल्या. कडवट टीकेच्या माऱ्यात ओ'कॉनर यांनी मार्च 1902 मध्ये आत्महत्या केली. जानेवारी 1903 मध्ये पाणी कॅलगुर्लीला पोचलं. पाण्यासाठीच्या भट्ट्यांची गरज सरली, पण खाणींचे बॉयलर लाकूडच मागत होते. त्यासाठी रानात खास रूळ टाकले गेले आणि तोड पुढे कित्येक दशकं चालू राहिली.