पुरात वीज का घटते?

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात न्यू मिल्स हे गाव एका खोल घळीच्या काठावर वसलंय. घळीत गॉइट आणि सेट या नद्यांचा संगम आहे, जुन्या गिरण्यांचे अवशेष आहेत आणि कड्याला बिलगून जाणारी पोलादी पायवाट आहे. त्यामुळे फिरायला येणाऱ्यांची तिथे वर्दळ असते. संगमाजवळच्या बंधाऱ्याशेजारी 2008 पासून 2.4 मीटर व्यासाचा एक स्क्रू, म्हणजे दांड्याभोवती मळसूत्रासारखी पाती गुंडाळलेलं चक्र, संथपणे फिरतोय. त्याचं लाडाचं नाव आर्ची, आर्किमिडीजवरून ठेवलेलं. लोकांनी भागभांडवल घालून उभारलेला हा प्रकल्प फार तर 63 किलोवॉट वीज देतो.

आर्किमिडीजचा स्क्रू मुळात पाणी वर चढवण्यासाठी. इथे तो उलटा राबतो. वरून आलेलं पाणी दोन पात्यांमधल्या कप्प्यात साचतं, आपल्या वजनाने पात्याला रेटतं आणि कप्प्यासकट खाली उतरतं. मिनिटाला जेमतेम वीस-तीस फेरे होतात; जनित्राला हवा तेवढा वेग पुढे गिअरबॉक्स देतो. अशा संथ कप्प्यात बसून मासेही बहुधा सुखरूप खाली पोचतात.

हिशेब सोपा आहे. समजा, सेकंदाला 3 घनमीटर, म्हणजे 3000 किलो पाणी 3 मीटर खाली उतरलं. 3 × 3 × 9.8, म्हणजे साधारण 88 किलोवॉट. वाटेतली घट जाऊन 70 टक्के हाती लागले, तर 62. हेच पाणी बंधाऱ्यावरून कोसळलं असतं तर? फेस, आवाज आणि शेवटी उष्णता. ती उष्णता तरी किती? पाणी 0.007 अंश सेल्सिअसने तापेल, बस्स. काठावर उभं राहून आपण ज्या खळाळाला ताकद समजतो, ती खरं तर वाया चाललेली ताकद असते.

मग नदी दुथडी भरून वाहू लागली की वीज वाढायला हवी ना? इथेच गंमत आहे. बंधाऱ्याच्या लांब माथ्यावरून पाणी पसरून वाहतं, म्हणून वरची पातळी थोडीच चढते. खालच्या अरुंद पात्रात मात्र ती भराभर वाढते. 3 मीटरचा फरक 1 मीटरवर आला की तेवढ्याच पाण्यातून मिळणारी वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यात स्क्रूचं खालचं टोक पाण्यात बुडून नुसतं पाणी घुसळत बसतं.

कोरड्या दिवसांत अडचण वेगळी. नदीच्या आणि माशांच्या वाट्याचं पाणी आधी सोडावं लागतं, उरलं तर स्क्रूला. चांगली कमाई होते ती पाऊस पडून गेल्यावर, नदी भरलेली पण शांत असताना.

मोठ्या पुरात बंधारा दिसेनासा होतो. त्याच्या जागी पाण्यावर नुसती एक वळकटी उमटते. तेव्हा सगळी नदी शेजारून धावत असते आणि स्क्रू मात्र थांबलेला असतो.